‘तुलना करा’ म्हणजे नेमकं काय करा?



बचत, कर्ज, पापड-मसाल्याच्या ऑर्डरी यांवर आपण या वेळेला नेहमी बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण तोही आपल्याच घरातला आहे. मुरबाड, शहापूर, खडवली, टिटवाळा, बदलापूर या आपल्या पट्ट्यात आता किती तरी घरांत कॉलेजची पोरगी आहे, आणि बऱ्याच घरांत कॉलेजची सून आहे. कुणी कल्याणला लोकलने जाऊन शिकते, कुणी मुक्त विद्यापीठातून, कुणी मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून घरी बसून. यातल्या ज्या मराठी विषय घेऊन बी.ए. किंवा एम.ए. करतायत, त्या आमच्याकडे एकच तक्रार घेऊन येतात. कविता समजावून सांगा म्हटलं तर लिहिता येतं, लेखकाची माहिती द्या म्हटलं तर पाठ असते, पण ‘अमुक आणि तमुक पुस्तकांची तुलना करा’ असा मोठा प्रश्न आला की गुण जातात. एम.ए.ला तर अनेक ठिकाणी याचा अख्खा पेपरच असतो, तौलनिक साहित्याभ्यास नावाचा. नाव ऐकूनच निम्म्या जणी घाबरतात.

आमच्या एका गटात एक वहिनी आहेत. दोन मुलं, भाताची शेती, सकाळी डबे. बी.ए.चा त्यांचा एवढा एकच पेपर राहिला आहे, दोनदा राहिला. पदवी हातात आली की अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी अर्ज करायचं त्यांच्या मनात आहे. घरच्यांनी सांगून टाकलंय, या खेपेला निघाला नाही तर पुस्तकं माळ्यावर. (माळ्यावर गेलेली पुस्तकं परत खाली येत नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे.) त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या आणखी सात-आठ जणींसाठी आम्ही गटाच्या बैठकीनंतर तासभर बसायला लागलो. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो. ज्यांच्या घरात परीक्षा देणारी कुणी आहे, त्यांनी तिलाही रेडिओजवळ बसवा.

आधी भीती काढू. तुलना करायला आपल्याला कुणी शिकवायला नको. वाडा कोलम आणि बाजारातला साधा कोलम समोर ठेवला तर आपण काय करतो? आधी एका तांदळाची सगळी कहाणी, मग दुसऱ्याची सगळी कहाणी, असं सांगत बसत नाही. भाव काय, जुना की नवा, शिजल्यावर मोकळा होतो की गिच्च, असं एकेक माप काढतो आणि दोन्ही तांदूळ त्याच मापाने मोजतो. मग म्हणतो, रोजच्याला हा बरा, पाहुण्यांना तो. जात्यावरच्या ओव्यांत आपल्या आज्या-पणज्या माहेर आणि सासर असेच शेजारी-शेजारी ठेवत आल्या. हेमा रायरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या, त्या चाळल्या की कळतं, माहेर-सासर मोजायची बायकांची मापं किती बारीक होती.

पेपरात मात्र मुली हेच विसरतात. आम्ही बऱ्याच जणींचे सरावाचे कागद पाहिले. सगळ्यांचं उत्तर एकाच साच्याचं. पहिलं पान एका पुस्तकाची गोष्ट, दुसरं पान दुसऱ्या पुस्तकाची गोष्ट, आणि शेवटी दोन ओळी, ‘अशा प्रकारे दोन्ही पुस्तके वाचनीय आहेत.’ हे तुलना केलेलं उत्तर नाही. ही दोन वेगळी उत्तरं एका कागदावर लिहिली. तपासणाऱ्याने शोधायचं तरी काय?

आता उदाहरण घेऊ, आणि ते लांबून कशाला आणायचं. कल्याणच्या जोशींची यमुना, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. जन्म १८६५चा. माहेर कल्याणचं. नवव्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न झालं, ते पोस्टात नोकरीला, बिजवर, वयाने वीसएक वर्षांनी मोठे. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. वैद्यकीय मदत मिळाली नाही, हे दुःख मनात राहिलं. १८८३ साली ती कलकत्त्याहून बोटीने, नवऱ्याशिवाय, अमेरिकेला निघाली. जायच्या आधी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, जाहीर भाषण करून मी का जाते हे तिने लोकांना सांगितलं. वय अठरा. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून ती एम.डी. झाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा तिला मिळाली होती, पण क्षयाने गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात ती गेली. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. तिची रक्षा अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली, ज्यांनी तिला लेकीसारखं घरात ठेवलं होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती आजही आहे.

ही झाली माहिती. पेपरात ही माहिती चार ओळींच्या वर लिहायची नाही. हे ऐकून आमच्या मुली हिरमुसतात, कारण पाठ तेवढंच केलेलं असतं. पण प्रश्न आनंदीबाईंवर नसतो, तिच्यावरच्या पुस्तकांवर असतो.

पुस्तकं बघा कशी आहेत. तिच्या मृत्यूनंतर वर्षभरात, १८८८ साली, कॅरोलाइन हीली डॉल नावाच्या अमेरिकन बाईने बॉस्टनहून तिचं इंग्रजी चरित्र काढलं. एकोणिसावं शतक संपायच्या आत काशीबाई कानिटकरांनी मराठीत चरित्र लिहिलं. काशीबाई आनंदीबाईंपेक्षा चारच वर्षांनी मोठ्या, त्याही लग्नानंतर घरातच वाचायला शिकलेल्या. मग ऐंशी वर्षांनी, १९६८ साली, श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आली. तिच्यावरून राम जोगळेकरांनी नाटक केलं. अंजली कीर्तने यांनी पुढे कागदपत्रं शोधून मोठं चरित्र लिहिलं. २०१९ मध्ये समीर विद्वांसांचा सिनेमा आला, तो तर आपण सगळ्यांनी पाहिला. एकच बाई, आणि तिला इतक्या जणांनी इतक्या तऱ्हांनी सांगितलं. तौलनिक अभ्यासाला याहून चांगला नमुना कुठला?

बैठकीत आम्ही आधी कादंबरीचे भाग मोठ्याने वाचले. ज्यांना वाचता येत नाही त्याही ऐकत होत्या. गोपाळराव बायकोच्या अभ्यासासाठी किती कडक होते, हात उगारायलाही मागेपुढे पाहत नव्हते, हे आलं आणि वाचन थांबलंच. भांडणच लागलं म्हणा ना. एक ताई म्हणाल्या, “मारून शिकवलं तर ते शिकवणं कसलं? तो त्याचा हट्ट.” दुसऱ्या, साठीच्या, कधी शाळेत न गेलेल्या, त्या हळूच म्हणाल्या, “आमाला कोनी मारूनसुदिक शिकवला नाय.” मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

आम्हाला विचाराल तर पहिल्या ताईंचं बरोबर आहे. शिक्षणासाठीही मार तो मारच. आणि हे खुद्द आनंदीबाईंनीही सोडलेलं नाही, अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात लहानपणी सोसलेल्या मारहाणीची आठवण तिने त्याला स्पष्ट करून दिली आहे. पण दुसऱ्या आजींचं वाक्यही खोडता येत नाही. असं दोन्ही बाजूंनी बोलणं झाल्यावर त्या वहिनी म्हणाल्या, “म्हणजे मी पेपरात काय लिहू, तो चांगला की वाईट?”

इथेच सगळी मेख आहे, मैत्रिणींनो. पेपर तुम्हाला तो माणूस चांगला की वाईट हे विचारतच नाही. पेपर विचारतो, या पुस्तकाने त्याला कसा दाखवला, त्या पुस्तकाने कसा दाखवला, आणि फरक का पडला. ‘फरक का पडला’ हे ज्या मुलीने लिहिलं तिचं उत्तर उभं राहतं. नुसता फरक तर कुणीही दाखवतं.

तो ‘का’ शोधायला आम्ही साधे प्रश्न ठरवले. लिहिणारा कोण? कधी लिहिलं? कुणाला सांगायला लिहिलं? हातात सामान काय होतं? डॉलबाईंचा वाचक बॉस्टनचा. त्याला नऊ वर्षांच्या मुलीचं लग्न, सोवळंओवळं, साडी, काहीच माहीत नाही, म्हणजे आधी आपला देशच समजावून सांगावा लागतो. काशीबाईंच्या मराठी वाचकाला हे सगळं पाठ. त्याच्या मनात शंका वेगळीच होती, समुद्र ओलांडून गेलेली बाई आपल्यातली राहिली का? आनंदीबाई तिकडे शाकाहारी राहिली, साडीच नेसली, ही एकच गोष्ट घ्या. अमेरिकन वाचकाला ती नवलाची वाटेल, पुण्या-कल्याणच्या वाचकाला ती ग्वाही वाटेल. गोष्ट तीच, वाचक बदलला की तिचं वजन बदललं. आणि १९६८चा कादंबरीकार पाहा. तोवर बाई डॉक्टर होणं ही अजब गोष्ट राहिली नव्हती, त्यामुळे ‘बाई शिकली कशी’ यापेक्षा ‘या दोघांत काय चाललं होतं’ हे त्याला शोधावंसं वाटलं. चरित्र लिहिणारीला पत्रं आणि माहीतगार माणसं धरून चालावं लागतं. कादंबरीकाराला मनात शिरायची मोकळीक असते, तो बंद खोलीतलं बोलणंही लिहू शकतो. नुसती नावं बघितली तरी कळतं. चरित्राच्या नावात एकट्या आनंदीबाई आहेत, कादंबरीच्या नावात दोघं आहेत.

मग वहिनींनी त्यांच्या उत्तराचं पहिलं वाक्य स्वतः बनवलं. आम्ही फक्त शुद्धलेखन पाहिलं. “दोन्ही पुस्तकांतील स्त्री एकच आहे, परंतु चरित्राला तिने काय केले हे सांगायचे आहे, तर कादंबरीला ते दोघांत कसे घडले हे सांगायचे आहे.” असं वाक्य पहिल्याच परिच्छेदात आलं की पुढचं उत्तर त्याच्या मागे चालतं. पुढे एकेका परिच्छेदात एकेक माप घ्यायचं, गोपाळरावांचं चित्र, सामान कुठून आलं, वाचक कोण, आणि प्रत्येक परिच्छेदात दोन्ही पुस्तकं आलीच पाहिजेत. ज्या परिच्छेदात एकच पुस्तक दिसतंय तिथे आम्ही लाल पेनाने गोल करतो. सुरुवातीला सगळा कागद लाल होतो. तिसऱ्या-चौथ्या कागदाला कमी होतो.

काही चुका नेहमीच्या आहेत, त्या आताच सांगतो. कादंबरीतलं बोलणं खरं घडलेलं म्हणून लिहायचं नाही. ‘आनंदीबाई म्हणाल्या’ असं न लिहिता ‘कादंबरीतील आनंदी म्हणते’ असं लिहा, एवढ्यानेही तपासणाऱ्याला कळतं की मुलीला फरक समजला आहे. सिनेमा बघून कादंबरीवर उत्तर तर मुळीच लिहू नका. सिनेमात दोन-सव्वादोन तासांत बसवायला प्रसंग गाळावे, जोडावे लागतात आणि मग मुली जोडलेला प्रसंग पुस्तकाच्या नावावर खपवतात. सिनेमा आणि कादंबरी यांची तुलना विचारली असेल तेव्हाच सिनेमा घ्या, आणि तेव्हा तो मन लावून दोनदा बघा.

नावांचा घोळ तर विचारूच नका. आनंदीबाई जोशी वेगळ्या, महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई कर्वे वेगळ्या. त्यांनी ‘माझे पुराण’ लिहिलं. पंडिता रमाबाई वेगळ्या, न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाई वेगळ्या. पंडिता रमाबाई आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला फिलाडेल्फियाला हजर होत्या, म्हणून तर गोंधळ आणखी वाढतो. वहीच्या मागच्या पानावर ही चार नावं आणि त्यांच्यासमोर पुस्तकं लिहून ठेवा.

सरावाला दुसरी जोडी हवी असेल तर रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. दोघींचे नवरे मोठे, दोघींना लग्नानंतर नवऱ्याने लिहावाचायला लावलं, दोघींनी पुढे त्याच नवऱ्याबद्दल लिहिलं. पण रमाबाई आदराने दोन पावलं मागे उभ्या राहून लिहितात, आणि लक्ष्मीबाई नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणाला खुशाल हसतात. असं का? टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म घेतला, लक्ष्मीबाईंनी स्वतःचं मन होईपर्यंत पाच वर्षं घेतली. त्या काळात बरीच वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. एकटीने राहिलेल्या बाईची भाषा बदलते का, हा प्रश्न आम्ही बैठकीत टाकला तेव्हा दोन विधवा ताई इतकं छान बोलल्या की मुलींनी ते लिहून घेतलं. आता या दोघींनी स्वतःच्या हाताने लिहिलं, आनंदीबाईंना तेवढं आयुष्यच मिळालं नाही. त्यांची पत्रं उरली, बाकी सगळं इतरांनी सांगितलं. हाही मुद्दा उत्तरात शोभतो.

हे सगळं फक्त मराठीतच चालतं असं नाही. रवींद्रनाथ ठाकूर १९०७ मध्येच ‘विश्वसाहित्या’वर बोलले होते. कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठात १९५६ साली बुद्धदेव बसूंनी या विषयाचा वेगळा विभाग काढला. आपल्याकडे कवी वसंत बापट मुंबई विद्यापीठात हा विषय शिकवत, त्यांचं ‘तौलनिक साहित्याभ्यास’ नावाचं पुस्तकही आहे. एम.ए.वाल्यांनी ते वाचावंच, बी.ए.वाल्यांनी चाळलं तरी पुष्कळ.

आता वेळेचं. आपण हप्त्याचा हिशोब करतो तसा पेपरचा करा. समजा साठ गुण आणि दोन तास आहेत, तर एका गुणाला दोन मिनिटं. पंधरा गुणांच्या प्रश्नाला तीस मिनिटं, एकतिसावं नाही. त्या तिसातली पहिली पाच मिनिटं कच्च्या पानावर मापं लिहायला. पाच मिनिटं वाया गेली असं वाटतं, पण ती गेलेली नसतात. तुमच्या पेपरवर गुण आणि वेळ छापलेले असतील, त्यांचाच भागाकार करा. दुसरं म्हणजे हाताने लिहायची सवय मोडली आहे. मोबाईलवर अंगठा चालवणाऱ्या मुलींचा हात दुसऱ्या पानावर दुखतो. आमच्याकडे सगळ्या रोज एक पान घड्याळ लावून लिहितात. आणि भाषा प्रमाण ठेवायची. बोलीची लाज नको, पात्राचं बोलणं देताना ती येऊ दे, पण स्वतःचं म्हणणं पुस्तकी मराठीत.

आता सासवांशी, जावांशी आणि आयांशी बोलायचं आहे. पोरीने पहाटे उठून वाचावं असं आपण म्हणतो, पण पाणीही पहाटेच येतं. आमच्या त्या गटाने एक ठराव केला आणि इतिवृत्तात लिहिला. परीक्षेआधीचे पंधरा दिवस वहिनींच्या वाट्याचे पापड बाकीच्यांनी लाटायचे, आणि मजुरी त्यांच्या नावावरच जमा करायची. परीक्षा फी अंतर्गत कर्जातून दिली, परतफेड सहा महिन्यांत. पेपरच्या दिवशी धाकटा मुलगा शेजारच्या काकूंकडे. सासूबाई आधी नाराज होत्या. पण वाचनाला त्या स्वतः येऊन बसल्या, आणि गोपाळरावांवरून भांडण लागलं तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच होता. त्या कुणाच्या बाजूने बोलल्या ते सांगत नाही.

पुस्तकांचं म्हणाल तर विकतच घ्यायला हवीत असं नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं आहे, म्हणजे आनंदीबाईंच्याही एक वर्ष आधीचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. डोंबिवलीत २०१७ साली साहित्य संमेलन भरलं होतं, तिथे वाचणाऱ्यांची आणि वाचनालयांची वाण नाही. गटातल्या एकीने वर्गणी भरून सभासद व्हावं, जी बाजाराला किंवा दवाखान्याला कल्याणला जाते तिने पुस्तक आणावं, आणि एका वेळी एकच पुस्तक फिरवावं. पुस्तक कुणाकडे आहे आणि परत कधी द्यायचं, हे कर्जाच्या वहीतच शेवटच्या पानावर लिहा, म्हणजे वेगळी वही हरवायची भीती नाही.

पेपर सकाळचा असेल तर कसाऱ्याकडून येणाऱ्यांनी आधीची गाडी धरा, पावसाळ्यात तर दोन गाड्या आधीची. प्रवेशपत्र, ओळखपत्र, एकाच शाईचे दोन पेन, घड्याळ आणि पाण्याची बाटली आदल्या रात्रीच पिशवीत भरून दाराशी ठेवा. मोबाईल घरीच ठेवा, नाहीतर सोबत येणाऱ्या बाईकडे द्या. वहिनींच्या सोबत कोण जाणार ते ठरलं आहे, सासूबाई जाणार आहेत.